सहरीचे तीन आवाज

रमजानमध्ये पहाटे चारच्या सुमारास मीरा रोडच्या नयानगरमधल्या कुठल्याही इमारतीच्या जिन्यात उभं राहा. बंद दारांआडून मोबाइलचे गजर एकामागून एक सुरू होतात. कुणाची टिकटिक, कुणाची बासरी, कुणाचा कोंबडा. धून वेगळी असली तरी जात एकच, बारीक, टोकदार, वरच्या पट्टीतली. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून दुसरं काही निघणं अवघडच आहे.

माझ्या अम्मीला यातला एकही गजर ऐकू येत नाही.

अम्मीला कुणी बहिरी म्हटलं तर राग येतो आणि तो रास्त आहे. तिला मिक्सर ऐकू येतो, खाली थांबलेल्या टेम्पोचं इंजिन ऐकू येतं, अब्बा शेजारच्या खोलीत खाकरले तरी कळतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात तिची रेघ हजार हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सपाट जाते आणि दोन हजारांच्या पुढे घाट उतरावा तशी खाली येते. वयामुळे कमी ऐकू येतं ते बहुतेकांच्या बाबतीत असंच. वरचे सूर आधी जातात, खालचे शेवटी. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजनं वरच्या सुरांत राहतात म्हणून पुसट होतात आणि ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ शाबूत राहतात. ‘तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटता’ ही घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार त्यांच्या कानापुरती अगदी खरी असते. दिवसा अम्मी कानात मशीन लावते, रात्री काढून डबीत ठेवते. गजर वाजतो तेव्हा कामावर असतात ते तिचे मूळचे कान.

तरीही इतकी वर्षं अडचण आली नव्हती, कारण तिला अजान ऐकू यायची. मला हे कोडं वाटायचं. उशाशी वाजणारा मोबाइल ऐकू येत नाही आणि दोन गल्ल्या पलीकडची अजान कशी येते? उत्तर आवाजाच्या घडणीत आहे. अजान लांबवलेल्या स्वरांवर उभी असते. पुरुषाचा खडा आवाज, त्यात ताणलेला ‘आ’, आणि त्यातली बरीचशी ताकद हजार हर्ट्झच्या खाली. म्हातारा कान जे सगळ्यात शेवटी सोडतो, नेमकं तेच. रमजानमध्ये तर अजानच्या आधीही माइकवरून सांगितलं जायचं, सहरी संपायला पंधरा मिनिटं राहिली, दहा राहिली, पाच राहिली.

मग तो आवाज गेला. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने निकाल दिला की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. याचिका कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या संघटनांची होती. ध्वनिप्रदूषणाचे नियम त्याच्या बरेच आधीचे, २००० सालचे. वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नाही. आपल्या अक्षांशावर फजरची वेळ वर्षभर सहाच्या आतच सुरू होते, जूनमध्ये चार-चाळीसच्या आसपास आणि जानेवारीअखेरीस सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना. म्हणजे ती कायम बंदीच्या तासांतच पडते. आमच्या मशिदीनेही आवाज आतल्या आत घेतला.

निकाल वाचून मला राग आला नाही. अजान लाउडस्पीकरच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे, आणि रात्रपाळी करून पहाटे टेकलेल्या माणसाच्या झोपेलाही हक्क आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनाही हाच काटा लावला जातो का, हा प्रश्न मनात येतो, आणि तो माझ्या हिंदू मैत्रिणींच्याही मनात येतो. पण मला बोचत होती ती वेगळी गोष्ट. काही मशिदींनी मोबाइलवर थेट अजान ऐकवणारं ॲप घेतलं. तरुणांचं भागलं. अम्मीच्या दृष्टीने मात्र अजान त्या नखाएवढ्या स्पीकरमधून आली की तिचा खालचा भाग गळून पडायचा आणि उरायची नुसती करकर.

‘मी उठवीन ना तुला,’ असं मी म्हणाले होते. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना म्हणाली, ‘लग्न होऊन आले तेव्हापासून या घराला मी उठवते.’ पुढे ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. ज्या बाईने महाडजवळच्या गावात चुलीवर सहरी केली, घरातल्या सगळ्यांच्या आधी उठून, तिला आता कुणीतरी खांदा हलवून जागं करायचं? गावात डबा वाजवत फिरणारे चाचा यायचे, तेव्हा आमच्या घरात दिवा आधीच लागलेला असायचा.

म्हणून ठरवलं की अम्मीचा गजर आपण बनवायचा. माझी नोकरी यंत्रांच्या दुरुस्तीची आहे, त्यामुळे हात सोल्डरिंगला सरावलेला आहे. पण हे काम शाळकरी मुलंही करतात, अवघड काही नाही.

लोकल पकडून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडवर जायचं. एक आर्डुइनो नॅनो, एक घड्याळाचं मॉड्यूल, एक बझर. बझर मागितला की पहिला प्रश्न येतो, ॲक्टिव्ह की पॅसिव्ह? दिसायला दोन्ही काळ्या बाटलीच्या झाकणासारखे. ॲक्टिव्हच्या पोटात कंप निर्माण करणारं सर्किट बसवलेलं असतं. त्याला वीज दिली की तो एकाच सुरात किंचाळतो. तो सूर बदलता येत नाही, फार तर चालू-बंद करून ताल बदलता येतो. पॅसिव्ह बझर बॅटरीला टेकवला तर नुसता ‘टक्’ करतो. त्याला सेकंदाला किती वेळा हलायचं ते आपण सांगावं लागतं. आपल्याला हवा तो हाच.

सांगण्याचं काम मायक्रोकंट्रोलरचं. त्याच्या हृदयाचे ठोके सेकंदाला १ कोटी ६० लाख पडतात. एखादी पिन प्रत्येक १५,३८५ ठोक्यांनंतर चालूची बंद, बंदची चालू करत राहिलं तर सेकंदाला ५२० आवर्तनं होतात आणि तेवढ्या हर्ट्झचा सूर निघतो. पिनला मधली अवस्था नसते. एकदम पाच व्होल्ट, एकदम शून्य. त्यामुळे या लहरीचा आलेख गोलसर डोंगरांसारखा न येता किल्ल्याच्या तटासारखा चौकोनी येतो. अशा चौकोनी लहरीत मूळ सुराबरोबर त्याचे तिप्पट, पाचपट, सातपट सूरही आपोआप मिसळलेले असतात. म्हणून तो आवाज बासरीसारखा गोड लागत नाही, थोडा खरखरीत, भरलेला, हार्मोनियमच्या जातीचा लागतो.

संगणकाला जोडून मी आधी अम्मीचीच परीक्षा घेतली. रात्री, मशीन काढून ठेवल्यावर, ती पलंगावर पाठ करून बसली आणि मी २०० हर्ट्झपासून सूर चढवत नेले. ऐकू आला की बोट वर करायचं. बझर ४,००० हर्ट्झच्या आसपास पोचला तेव्हा माझ्या भाच्याने कानात बोटं घातली आणि अम्मी शांतपणे तसबीह ओढत होती. या चपट्या बझरांचं हेच आहे. त्यांची चकती दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात जोरात थरथरते, म्हणून सगळी दुनिया त्यांना तिथेच वाजवते. रिक्षातला इंडिकेटर, वॉशिंग मशीन, गीझर, लिफ्टचं उघडं राहिलेलं दार. स्वस्त वस्तूला जिथे वाजणं सोपं, तिथे ती वाजते. ऐकणाऱ्याचा कान कुणी विचारात घेत नाही.

एका क्षेत्रात मात्र तो घेतला गेला, आगीच्या गजराच्या. धूर ओळखणारे नेहमीचे गजर ३,१०० हर्ट्झच्या आसपास वाजतात. ऑस्ट्रेलियातल्या डोरोथी ब्रूक आणि इयन थॉमस या संशोधकांनी कमी ऐकू येणारी माणसं झोपलेली असताना वेगवेगळे आवाज वाजवून पाहिले. ५२० हर्ट्झच्या चौकोनी लहरीने ७५ डेसिबलपर्यंतच्या आवाजात ९२ टक्के माणसं उठली. नेहमीच्या बारीक आवाजाने ५६ टक्के. पुढे अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमावलीने २०१४ पासून हॉटेलांसारख्या ठिकाणच्या झोपायच्या खोल्यांमध्ये हाच ५२० हर्ट्झचा चौकोनी सूर सक्तीचा केला. हे वाचलं तेव्हा मी हसले. ज्या लहरीसाठी प्रयोगशाळा बसल्या, ती आपल्या टेबलावरच्या पिनमधून फुकट निघते!

फुकट म्हणजे तशी नाही. चपटा बझर ५२० हर्ट्झला अगदीच मेंगळटतो. म्हणून त्याच्या जागी तीन इंची कागदी पडद्याचा स्पीकर बसवला आणि पिनवर ताण नको म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर. स्पीकर उघडा ठेवला तर त्याच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात, विशेषतः खालच्या सुरांत. तो बंद पेटीत हवा. पत्र्याचा डबा झणझणतो, म्हणून जुनी लाकडी पेटी घेतली, जिच्यात पूर्वी अब्बांचे वस्तरे असायचे. ही पेटी अम्मीच्या पलंगाच्या लाकडी डोक्याला स्क्रूने पक्की केली. आता सूर हवेतून येतो तसा थोडासा लाकडातूनही येतो. अम्मी म्हणते, उशीला कळतं.

इथपर्यंत एकच आवाज झाला. खरी गोष्ट पुढे होती, कारण सहरीला एक गजर पुरत नाही. उठायचा एक, संपायला पंधरा मिनिटं राहिल्याचा दुसरा, आणि आता पाण्याचा घोटही नाही हे सांगणारा तिसरा. तिन्हींना एकच ‘पीं पीं’ ठेवली तर अर्धवट झोपेत माणूस गोंधळतो. हा पहिला की शेवटचा? अम्मीला सहरीच्या अगदी शेवटी साखरेची गोळी घ्यायची असते. आवाजाचा अर्थ चुकला तर एक तर गोळी राहते किंवा रोजाबद्दल दिवसभर मनात किंतू राहतो. बाहेरच्यांना ही बाब बारीक वाटेल. रोजा ठेवणाऱ्या बाईला ती बारीक नसते.

तेव्हा तिन्ही आवाज कानाला न विचारता ओळखू यावेत असे हवे होते. उठायच्या गजरात ५२० हर्ट्झ, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद, असं तीनदा, मग मोठा विराम. आगीच्या गजराचा हा ठरलेला ताल आहे आणि तो झोपेतही मोजला जातो असा माझा अनुभव आहे. पंधरा मिनिटांच्या इशाऱ्याला ५२० आणि ३९० आळीपाळीने, झोका दिल्यासारखे. आणि शेवटचा आवाज एकच, लांब, ५२० वरून घसरत घसरत २६० वर येऊन थांबणारा. चढता आवाज माणसाला उभं करतो, उतरता आवाज बसवतो. हे कुणाला शिकवावं लागत नाही.

घसरगुंडीत एक गंमत आहे. दर पावलाला समान हर्ट्झ कमी करत आलं तर आवाज वरच्या टोकाला रेंगाळतो आणि खाली येताना एकदम कोसळल्यासारखा वाटतो. कान हर्ट्झची वजाबाकी करत नाही, भागाकार करतो. ५२० चे २६० होणं आणि २६० चे १३० होणं त्याला सारखंच अंतर. म्हणून प्रत्येक पावलाला ठरावीक आकडा वजा न करता एक टक्का कमी करायचा. मग उतरण गुळगुळीत होते. सायरन बनवणाऱ्या सगळ्यांना हे कळतं, पण आपल्याकडच्या गाड्यांवरचे काही सायरन ऐकून तशी खात्री वाटत नाही.

आकडे लिहून झाल्यावर लक्षात आलं की २६०, ३९० आणि ५२० हे सा, प आणि वरचा सा आहेत. पट्टी जवळजवळ पांढरी एक. मी ठरवून केलं नव्हतं. कानाला सुखाचं वाटलं म्हणून तिथे थांबले. यावरून घरात छोटीशी बैठक झाली. आमच्याकडे संगीताबद्दल मतं कडक आहेत आणि अम्मीने सरळ विचारलं, ‘हा बाजा तर नाही ना?’ मामूंनी दाढीवरून हात फिरवत फैसला दिला की तीन सूर म्हणजे बाजा नव्हे, चौथा लावू नये. चौथा मी लावला नाही.

वेगवेगळ्या वेळेला वेगवेगळा आवाज, ही कल्पना काही नवी नाही. अल-जझरीने १२०६ साली पुऱ्या केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात पाण्यावर चालणारं मोठं घड्याळ आहे. त्यात दर तासाला दोन ससाणे चोचीतून गोळे टाकतात आणि खालची झांज वाजते. सहाव्या, नवव्या आणि बाराव्या तासाला मात्र ढोल-तुताऱ्यांचा सगळा ताफा वाजतो. ऐकणाऱ्याने वर न बघताही ओळखावं, आता साधा तास झाला की मोठा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अल-जझरीचं चित्र दर महिन्याला ‘रोबोट आपण शोधला’ म्हणून फिरतं. ते पाठवणाऱ्यांपैकी एकानेही सोल्डरिंगची सळई हातात धरलेली नसते, हे माझं आपलं निरीक्षण.

घड्याळाबद्दल थोडं सांगते, कारण तिथे काटकसर चालत नाही. नॅनोला स्वतःची वेळ राहत नाही. वीज गेली की तो सगळं विसरतो. म्हणून डीएस ३२३१ नावाचं घड्याळ लावलं. त्याला बटणाएवढा सेल असतो, आणि तापमान बदललं तरी ते आपला वेग सांभाळतं. वर्षाला साधारण एक मिनिटाच्या आत चुकतं. वेळाही रोज बदलतात. रमजान फेब्रुवारीच्या मध्यानंतर सुरू झाला तर पहिल्या रोजाला सहरी पावणेसहाच्या पुढे संपते आणि शेवटच्या रोजाला साडेपाचच्या आसपास. महिन्यात वीस मिनिटं अलीकडे. हा हिशेब सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असण्याचा आहे, आणि गणिताने तो मायक्रोकंट्रोलरलाही करता येतो. पण मी मशिदीच्या छापील तक्त्यातले तीस आकडेच आत टाकले. गणित बरोबर असेलही, पण भिंतीवरच्या तक्त्याशी अर्ध्या मिनिटाचा फरक पडला तर अम्मी तक्त्यावर विश्वास ठेवणार, पेटीवर नाही.

पेटी लागली त्या पहाटे मी जागीच होते. पावणेचारला तीन ठोके वाजले, विराम, पुन्हा तीन. माझ्या खोलीत तो आवाज भिंतीपलीकडे कुणी कपाट सरकवावं इतकाच आला. वरच्या मजल्यावर तर जाणारच नव्हता. मग पलंगाची कुरकुर, चपलांचा फरफटणारा आवाज, स्वयंपाकघराचा दिवा. मी पडून राहिले. थोड्या वेळाने माझं दार वाजलं, ‘उठ गं, चार वाजले.’

पेटीची बातमी इमारतीत पसरायला आठवडा लागला नाही. भाईंदर वेस्टला राहणाऱ्या, माझ्याबरोबर काम करणाऱ्या जैन ताईंनी विचारलं, त्यांच्या सासूबाईंसाठी करता येईल का? त्या चौविहार पाळतात, म्हणजे सूर्य मावळायच्या आत जेवण-पाणी संपायला हवं, आणि सकाळी नवकारशी, सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. आमची सहरी उलटी फिरवली की त्यांचा दिवस. सूर्यास्ताचा तक्ता मिळाला आहे, घड्याळ तेच चालेल. अडलंय ते आवाजावर. सासूबाईंना सायरनसारखं काही नको, देरासरातल्या घंटेसारखं हवं. घंटा एकदा वाजते आणि मग बराच वेळ विरत जाते. आमच्या पिनला विरणं ठाऊक नाही, ती चालू असते किंवा बंद. ट्रान्झिस्टरच्या वाटेत मोठा कॅपॅसिटर टाकून तो हळूहळू रिकामा होऊ दिला तर आवाज उतरत जाईल असं वाटतंय. रविवारी बसून बघणार आहे.